जॉन वेस्ली ह्यांचा उपास

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांना भेटी देताना एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. ख्रिस्ती मनुष्याने उपास करावा की करू नये? शेजारीपाजारी एकादशी धरतात, श्रावणातले सोमवार पाळतात, नवस फेडण्याकरिता निर्जळी राहतात. ते सर्व मागे सोडून आपण प्रभूकडे आलो; मग उपासही त्याबरोबरच टाकून द्यावयाचा काय? कोणी म्हणतो, होय, जेथे कृपा आहे तेथे उपासाचे काय काम? दुसरा कोणी उत्तम शुक्रवारी पाण्याचा थेंबही घेत नाही. आणि पुढे पाऊस लांबला किंवा कोर्टातील दावा उलटला म्हणजे, मी एवढा उपास केला त्याचे देवाने मला हेच फळ दिले काय, अशी कुरकुर करितो. जणू काय उपास म्हणजे सावकाराजवळ ठेवलेली ठेव. ती व्याजासह परत मिळालीच पाहिजे!

ह्या प्रश्नास वादविवादाने उत्तर देण्यापेक्षा एका देवभीरू पुरुषाचे चरित्र सांगावे, हे आम्हांस बरे वाटते. जॉन वेस्ली हे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. आपल्या प्रांतात मेथडिस्ट म्हणून ज्या मंडळ्या आहेत, त्यांचे मूळ ह्याच पुरुषाच्या कार्यात आहे. ह्यांनी तरुणपणी उपास केला व म्हातारपणीही केला. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही उपास सारखेच दिसले असते. परंतु पहिला उपास भीतीतून निघाला होता व दुसरा प्रीतीतून. ह्या दोहोंमध्ये जे घडले, तेच आज सांगावयाचे आहे.

वेस्ली ह्यांचा जन्म १७ जून १७०३ रोजी इंग्लंड देशातील लिंकनशायर परगण्यात एप्वर्थ ह्या गावी झाला. वडील सॅम्युएल हे तेथील पाळक होते. आईचे नाव सुझाना. ह्या दांपत्यास १९ मुले झाली, परंतु त्यांतील पुष्कळ बाळपणीच वारली. घरात कर्ज नेहमीचेच असे, आणि त्या कर्जापायी १७०५ साली वडिलांना तुरुंगातही जावे लागले. असे असता त्या माउलीने मुलांच्या आत्मिक पालनात उणे पडू दिले नाही. आठवड्यातील एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलासाठी राखून ठेविली होती. त्या वेळी ती त्यास एकटे जवळ बसवून देवाच्या गोष्टी बोले. जॉनची संध्याकाळ गुरुवारची होती. सन १७०९ च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरास रात्री आग लागली. सर्व जण बाहेर पडले, परंतु पाच वर्षांचा जॉन माडीवर राहिला. तेव्हा एका मनुष्याच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला व त्याने मुलास खिडकीतून ओढून काढले. त्यानंतर क्षणातच छप्पर कोसळले. देवाने आपणास कशासाठी तरी वाचविले आहे, ही जाणीव पुढे त्यांच्या मनात कायम राहिली.

१७२० साली ते ऑक्सफर्ड येथील विद्यापीठात गेले. १७२५ साली त्यांना धर्मसेवेची पहिली दीक्षा मिळाली, व पुढील वर्षी ते तेथील लिंकन कॉलेजचे फेलो निवडले गेले. काही काळ वडिलांच्या हाताखाली काम करून १७२९ साली ते ऑक्सफर्डला परतले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स व आणखी दोघे तरुण एकत्र जमून शास्त्राभ्यास व प्रार्थना करू लागले होते. जॉन हे सहजच त्यांचे पुढारी झाले. ही मंडळी सर्व गोष्टी नेमाने व पद्धतीने करीत, म्हणून इतर विद्यार्थी थट्टेने त्यांना मेथडिस्ट, म्हणजे पद्धतवाले, असे म्हणू लागले. थट्टेचे ते नाव पुढे सन्मानाचे झाले.

ह्या तरुणांचा नेम मोठा कडक होता. प्राचीन मंडळीच्या रिवाजास अनुसरून ते दर बुधवारी व शुक्रवारी दुपारी तीन वाजेपर्यंत काही खात नसत. ते वारंवार प्रभुभोजन घेत. १७३० सालापासून ते तुरुंगातील कैद्यांना भेटू लागले. कर्जापायी अडकलेल्यांस सोडवू लागले. गरिबांच्या मुलांना शिकवू लागले. वेस्ली दिवसाच्या तासातासाचा हिशेब रोजनिशीत लिहून ठेवीत. त्यांची मिळकत वर्षास ३० पौंड होती, तेव्हा २८ पौंडांत निर्वाह करून दोन पौंड त्यांनी गरिबांना दिले. पुढे ती ६० पौंड झाली, तरी स्वतःसाठी २८ च ठेवून बाकीचे ३२ त्यांनी देऊन टाकले.

अशा मनुष्यास कोण नावे ठेवील? आमच्या मंडळ्यांत असा एक जरी तरुण निघाला, तरी आम्ही त्याच्याबद्दल देवाची स्तुती करू. परंतु वेस्ली ह्यांच्या अंतःकरणात शांती नव्हती. देव आपणावर प्रसन्न आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि ते ठाऊक व्हावे म्हणून ते नेमावर नेम वाढवीत चालले होते. उपास ही त्यांना एक शिडी वाटत होती. एकेक पायरी ते चढत, आणि वर पाहिले म्हणजे स्वर्ग पूर्वीइतकाच दूर दिसे.

ह्या कडकपणाबद्दल त्यांना जबर दोषही सोसावा लागला. त्यांच्या सोबत्यांपैकी विल्यम मॉर्गन नावाचा तरुण, ज्याने सर्वांना प्रथम तुरुंगात नेले होते, तो १७३२ साली आजारी पडून मरण पावला. उपास करवून करवून वेस्ली बंधूंनीच त्याचा जीव घेतला, अशी बोलवा उठली, व ती त्याच्या वडिलांच्या कानी गेली. वेस्ली ह्यांनी त्या पित्यास सविस्तर पत्र लिहिले व कळविले की, आपल्या मुलाने मरणाच्या पुष्कळ आधीपासून उपास सोडून दिले होते. पित्याचे समाधान झाले, इतके की त्याने आपला दुसरा मुलगा वेस्ली ह्यांच्याच हाती शिक्षणासाठी सोपविला. तथापि ह्या मार्गात धोका होता, हे थोड्याच वर्षांनी दुसऱ्या एका सोबत्याच्या बाबतीत दिसून आले. जॉर्ज व्हाइटफील्ड, जे पुढे मोठे नामांकित सुवार्तिक झाले, त्यांनी १७३५ सालच्या लेंटमध्ये जाडीभरडी भाकर खाऊन शरीर इतके झिजविले की, जिना चढण्याचीही शक्ती त्यांना उरली नाही व कित्येक आठवडे ते अंथरुणास खिळून होते. त्यांना शांती मिळाली, परंतु ती उपासाने मिळाली नाही. सर्व उपाय थकल्यावर त्यांनी आपणास केवळ ख्रिस्ताच्या दयेवर टाकले तेव्हा मिळाली.

त्याच वर्षी, १७३५ च्या ऑक्टोबरात, वेस्ली अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीस जाण्यास निघाले. तेथील मूळ रहिवाशांना सुवार्ता सांगावी, असा त्यांचा हेतू होता. पण आपला स्वतःचा आत्मा तारला जावा, हा हेतू त्याहूनही मोठा होता. जहाजावर त्यांनी मांस व द्राक्षारस सोडला व भात आणि बिस्किटे ह्यांवर ते राहू लागले. २५ जानेवारी १७३६ रोजी समुद्रात भयंकर वादळ झाले. एका लाटेने मोठे शीड फाडले व पाणी जहाजात शिरले. इंग्रज लोक किंकाळ्या फोडू लागले. त्याच जहाजावर मोरेव्हियन मंडळीचे काही साधेभोळे जर्मन लोक होते. ते त्या वेळी स्तोत्र गात होते, आणि लाट येऊन गेली तरी त्यांचे गाणे थांबले नाही. तुम्हांला भीती वाटली नाही काय, तुमच्या बायकामुलांना तरी वाटली असेल, असे वेस्ली ह्यांनी मागाहून विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की, आमच्या बायकामुलांना मरणाचे भय नाही. वेस्ली ह्यांना मात्र ते भय होते. इतक्या वर्षांच्या बुधवार-शुक्रवारांनी ते भय गेले नव्हते.

जॉर्जियात सव्हाना येथे ते पाळक झाले. तेथेही त्यांनी नुसत्या भाकरीवर राहून पाहिले. परंतु ज्याने अन्नावर ताबा मिळविला, त्याला आपल्या मनावर मिळविता आला नाही. एका तरुण स्त्रीशी विवाह करावा, असे त्यांच्या मनात होते. निश्चय होईना, आणि तिने दुसऱ्याशी लग्न केले. काही महिन्यांनी वेस्ली ह्यांनी तिला प्रभुभोजनास मज्जाव केला. मंडळीच्या नियमास धरूनच आपण हे केले, असे त्यांचे म्हणणे होते. पण गावाने त्यात सूड पाहिला. खटला उभा राहिला, आणि १७३७ च्या डिसेंबरात त्यांना तेथून निघून यावे लागले. परतीच्या प्रवासात त्यांनी आपल्या रोजनिशीत स्वतःचा कठोर न्याय केला: आपण दुसऱ्यांचे परिवर्तन करण्यास गेलो, पण आपले स्वतःचेच परिवर्तन झालेले नाही. वाचकहो, हे कोणा पाखंड्याचे बोलणे नव्हे. सर्व नेम पाळून हात रिकामेच राहिलेल्या एका प्रामाणिक मनुष्याचे हे बोलणे आहे.

१७३८ च्या फेब्रुवारीत लंडन येथे त्यांना पीटर बोलर नावाचे मोरेव्हियन उपदेशक भेटले. ते वेस्ली ह्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान होते, तरी विद्वान वेस्ली त्यांच्यापुढे शिष्यासारखे बसले. मनुष्य आपल्या कर्माने नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि तो विश्वास देवाचे दान आहे, हे बोलरांनी त्यांना शास्त्रातून दाखविले. त्याच वर्षी २४ मे रोजी संध्याकाळी वेस्ली मन नसताना आल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहानशा सभेस गेले. तेथे कोणी लूथर ह्यांची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचीत होता. रात्रीच्या पावणेनऊच्या सुमारास, देव विश्वासाच्या द्वारे अंतःकरणात कसा पालट करितो हे वाचले जात असता, वेस्ली ह्यांना आपले अंतःकरण विलक्षण रीतीने ऊबदार झालेसे वाटले. आपण तारणासाठी केवळ ख्रिस्तावर भरवसा ठेवीत आहो, आणि त्याने आपली, होय आपलीही, पापे दूर केली आहेत, अशी त्यांची खातरी झाली.

त्यानंतर लगेच त्यांनी जे केले, तिकडे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. ज्यांनी आपणास छळले होते व आपला अपमान केला होता, त्यांच्यासाठी ते सर्व बळाने प्रार्थना करू लागले. प्रार्थना तर ते पूर्वीही करीत. पण ती आपल्या जिवासाठी धडपडणाऱ्याची प्रार्थना होती. आता आपली भीती गेली, म्हणून दुसऱ्यासाठी, शत्रूसाठीही, मनात जागा झाली. पुढेही त्यांच्या मनात कधी कधी शंकेचे ढग आले, हे त्यांनी लपविले नाही. तथापि पाया बदलला होता.

मग उपासाचे काय झाले? येथे पुष्कळांची चूक होते. त्यांच्याच सोबत्यांपैकी काही जण लंडनात असे शिकवू लागले की, पूर्ण विश्वास मिळेपर्यंत मनुष्याने काहीच करू नये. प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन, सर्व थांबवून स्वस्थ बसावे. वेस्ली ह्यांनी ह्या शिक्षणास विरोध केला, आणि १७४० च्या जुलैत ते त्या मंडळीतून बाहेर पडले. शिडी म्हणून उपास निरुपयोगी आहे, हे त्यांना कळले होते. परंतु लेकराने बापाजवळ बसावे, तसा देवाजवळ बसण्याचा वेळ म्हणून तो अमोल आहे, हेही कळले होते. म्हणून त्यांनी उपास टाकला नाही. १ जानेवारी १७३९ च्या पहाटेपर्यंत ते व सुमारे ६० बंधू एकत्र प्रार्थना करीत होते, आणि त्या रात्री सर्वांना देवाच्या सामर्थ्याची मोठी प्रचिती आली. तीन महिन्यांनी, २ एप्रिल रोजी, वेस्ली ब्रिस्टल शहराजवळ उघड्या जागी प्रथमच उपदेशास उभे राहिले. देवळात कधी पाऊल न टाकणारे गोरगरीब व कोळशाच्या खाणींतील मजूर त्या भागात त्यांचे ऐकू लागले. १७४३ साली त्यांनी आपल्या मंडळ्यांसाठी नियम छापले, त्यांत प्रार्थना व शास्त्रवाचन ह्यांच्या जोडीला उपासाचाही समावेश केला.

डोंगरावरील प्रवचनावर त्यांनी जे उपदेश लिहिले, त्यांपैकी एक उपासाविषयी आहे. त्याचा सारांश आम्ही आपल्या शब्दांत देतो. ते म्हणतात, उपासाविषयी दोन टोकांच्या चुका होतात: कोणी त्यास शास्त्राहून मोठा करितो, तर कोणी त्यास कवडीमोल समजतो. उपास हे साध्य नसून साधन आहे. तो प्रभूसाठी असावा, मनुष्याच्या वाहवेसाठी नसावा. त्याने देवाकडून काही विकत मिळते, असे कोणी मनातही आणू नये. आशीर्वाद हे देवाचे फुकट दान आहे. पापाबद्दल खरे दुःख, शरीराच्या वासनांना आवर व प्रार्थनेस अधिक वेळ, ह्यांसाठी उपास असतो. शरीराची हानी होईल असा उपास करू नये, कारण शरीरही देवानेच दिले आहे. जो अशक्त आहे त्याने थोडे कमी खावे किंवा एखादा आवडीचा पदार्थ सोडावा, तेवढे पुरे. आणि उपासास दानधर्माची जोड हवीच. आपण न खाल्लेले अन्न भुकेल्याच्या मुखी जावे.

हे त्यांनी नुसते लिहिले नाही. ६ फेब्रुवारी १७५६ रोजी, फ्रान्सच्या स्वारीची धास्ती असता, राजाज्ञेने सर्व इंग्लंडात उपासाचा दिवस पाळण्यात आला, तेव्हा लंडनातील देवळे खच्चून भरलेली पाहून त्यांना अत्यानंद झाला. परंतु एका दिवसाच्या उपासावर ते संतुष्ट राहणारे नव्हते. १७८५ च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, गरिबांना कपडे मिळावे म्हणून ते लंडनच्या रस्त्यांतून चार दिवस भीक मागत फिरले. वितळत्या बर्फाच्या चिखलात घोट्यापर्यंत पाय बुडत होते. २०० पौंड जमले, आणि वेस्ली आजारी पडले. यशया संदेष्ट्याने ज्या उपासाची वाखाणणी केली, भुकेल्यास भाकर व उघड्यास वस्त्र देण्याचा, तो हाच.

१७८९ साली, ८६ वर्षांचे झाल्यावर, त्यांनी आपल्या लोकांना एक दुःखाची गोष्ट ऐकविली. पूर्वी आपण गरीब होतो तेव्हा बुधवार-शुक्रवार पाळीत होतो. आता हातात पैसा आला, तर उपासही गेला व दानही गेले. मिळविणे व साठविणे ह्या दोन गोष्टी लोक शिकले, देणे मात्र शिकले नाहीत, असा त्यांचा खेद होता.

२ मार्च १७९१ रोजी लंडन येथे त्यांना देवाज्ञा झाली. आपल्या शवाला खांदा देण्यास सहा गरीब माणसे बोलवावी व प्रत्येकास एकेक पौंड द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते. बडेजाव करू नये, अशीही त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे झाले.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रावरून आम्ही काय शिकावे? उपास करणारा तोच, शुक्रवार तोच. पण एकदा तो देवाची कृपा मिळविण्यासाठी उपाशी होता, आणि नंतर ती मिळाली म्हणून. आमचा उपास कोणता, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. मागणे पुरे झाले नाही तर मी देवावर रागावेन काय? उत्तर होय असेल, तर आमचा उपास अजून नवसच आहे. फक्त देवाचे नाव बदलले आहे. कोणी पाहिले नाही, कोणी बोलले नाही, तर मला चुकल्यासारखे वाटेल काय? उपदेशकबंधूंनो, हे आपणांस व आम्हां पाळकांस विशेष लागू आहे. महिन्याच्या रिपोर्टात आपल्या उपासाची ओळ लिहावयाची राहिली, तर आपणांस हळहळ वाटते काय?

आमच्यातील पुष्कळांना उपास शिकविण्याची गरजच पडत नाही. गरिबीच तो घडविते. दिवसभर उन्हात खुरपणी करणाऱ्या मजुरास, अंगावर पाजणाऱ्या आईस, आजाऱ्यास, कोणी उपासाची सक्ती करू नये. त्यांनी तंबाखू, सुपारी किंवा एक वेळचा चहा सोडला व तो वेळ प्रभूच्या चरणी घालविला, तरी तो देवाला मान्य होईल. ज्यांच्या घरी दोन वेळा चूल पेटते, त्यांनी मात्र आठवड्यातील एक जेवण सोडावे. त्या जेवणाचे धान्य मापून वेगळ्या मडक्यात टाकावे. आणि त्या घटकेस, ज्याच्याशी बांधावरून किंवा पाण्यावरून भांडण झाले आहे, त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. महिनाअखेर ते धान्य मंडळीतील विधवेच्या घरी गुपचूप पोहोचते करावे.

देव त्याबद्दल आम्हांस काय देईल, हे विचारू नये. त्याने आपला पुत्र आधीच दिला आहे.